हयातीचा दाखला

परवा मुलीने कन्नड वर्तमानपत्र वाचता वाचता विचारले, "बाबा, इथे 'विपर्यास' का लिहिलंय? कुणी कुणाच्या बोलण्याचा विपर्यास केलेला तर दिसत नाही." शंका रास्त होती. मराठीत विपर्यास म्हणजे अर्थाची मोडतोड. कन्नडमध्ये मात्र, जे व्हायला हवे त्याच्या नेमके उलटे घडणे, म्हणजे इंग्रजीतली 'आयरनी'. मराठीत आपण त्याला कधी उपरोध म्हणतो, कधी दैवदुर्विलास. पण एकही शब्द पुरता बसत नाही. तिला समजावताना मला अप्पा आठवले.

अप्पा निवृत्त शिक्षक. दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागे. एका वर्षी अंगठ्याचे यंत्र आले. अप्पांच्या बोटांच्या रेषा वयाने झिजलेल्या. यंत्र काही ओळखेना. कारकून सभ्य होता. "अज्जार, मला तुम्ही दिसताय, पण मशीनला दिसत नाही," म्हणाला. तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला अप्पा खिडकीत वाकून म्हणाले, "ना इन्नू अदीन्री!" मी अजून आहे हो! आणि स्वतःच मोठ्याने हसले. कारकूनही हसला. मी मात्र चिडलो होतो.

आल्बेर काम्यू या फ्रेंच लेखकाचे सिसिफसवरचे पुस्तक 1942 साली आले. देवांच्या शिक्षेमुळे सिसिफस शिळा डोंगरावर ढकलत नेतो, ती पुन्हा खाली गडगडते, तो पुन्हा खाली उतरतो. काम्यू याला 'ॲब्सर्ड' म्हणतो. त्यासाठी आपल्या दोन्ही भाषांत 'असंगत' हा एकच शब्द आहे. त्याचे म्हणणे असे, की असंगतपणा नुसत्या माणसात नसतो, नुसत्या जगातही नसतो. तो दोघांच्या गाठीत असतो. माणूस अर्थ मागतो, जग गप्प राहते. त्या खिडकीपाशी हेच झाले. नियम मूर्खपणाचा नव्हता. मेलेल्याच्या नावे कुणी पेन्शन उचलू नये म्हणून तो होता. अप्पांचेही काही चुकले नव्हते. दोघे समोरासमोर आले, आणि जिवंत माणसाला आपण जिवंत असल्याचे पटवून द्यावे लागले.

अमेरिकन तत्त्वज्ञ थॉमस नेगेल याने 1971 च्या एका निबंधात काम्यूशी वाद घातला. त्याच्या मते ही विसंगती आपल्या आतच आहे. नोकरी, घर, मुलांचे मार्क हे सारे आपण जिवाच्या आकांताने करतो. पण लांब उभे राहून स्वतःकडे पाहिले, की ते क्षुल्लक वाटू शकते. तरी परत येऊन आपण तितक्याच गंभीरपणे भाजी निवडतो. उंदराला ही अडचण नाही, कारण त्याला असे लांब जाता येत नाही. काम्यू सांगतो, नशिबाला तुच्छ लेखून ताठ उभे राहा. नेगेलला हा पवित्रा जरा भावुक वाटतो. लांबून पाहता कशालाच महत्त्व नसेल, तर त्या महत्त्व नसण्यालाही महत्त्व कुठले? मग निराशाही नको आणि वीरश्रीही नको. 'आयरनी' बाळगून जगावे, एवढे पुरे.

उपरोधाचे बोट नेहमी समोरच्याकडे असते. मी त्या दिवशी कारकुनाला दोन शब्द सुनावले, तो उपरोध. अप्पांच्या हसण्यात कारकून होता, यंत्र होते आणि सर्वांत आधी ते स्वतः होते. हसून झाल्यावर त्यांनी लेखी दाखल्याची चौकशी केली, सही-शिक्का आणला, आणि पोचपावती चष्मा लावून दोनदा तपासली. हसले म्हणून काम सोडले नाही, आणि काम होते म्हणून हसायचे राहिले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात अप्पा गेले. त्यांच्या मृत्यूचा दाखला घेऊन मी त्याच खिडकीशी गेलो. एका खेपेत काम झाले. कारकुनाने कागदावरचे नाव वाचले, थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हसले होते ते. आठवतंय मला." मागे त्याला सुनावलेल्या शब्दांची मला लाज वाटली. बाहेर येऊन मी पोचपावती दोनदा तपासली.

मुलीला एवढेच सांगितले, की याला कन्नडमध्ये विपर्यास म्हणतात. मराठीतला शब्द आपण दोघे मिळून शोधू.