स्क्रू हीसुद्धा अमानत आहे

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत मुंबईकरांची फार्महाऊस किती वाढली, हे या भागातील व्यापारी आणि कारागीर बंधूंना वेगळे सांगायला नको. शनिवार-रविवारी त्या आवारांत ठेंगण्या, रुंद चाकांच्या, लाखो-करोडो रुपयांच्या स्पोर्ट्स मोटारी उभ्या असतात. अलीकडे त्यांच्या मालकांपैकी काही हौशी लोक घरच्या अंगणातच इंजिनवरची झाकणे उघडू लागले आहेत. हाताशी चांगल्या पान्यांचा संच असतो, कंपनीचे पुस्तक असते आणि सुटीचा दिवस मोकळा असतो.

यावर आपले गॅरेजवाले बंधू म्हणतात, ‘‘मालकच मिस्त्री झाला, आता आपले काय?’’ आमचे मत याच्या अगदी उलट आहे. झाकण उघडणारा मालक आपले गिऱ्हाईक तोडत नाही. कारागिराचे काम पारखू शकणारे गिऱ्हाईक त्यातून तयार होते. प्रश्न इतकाच, की त्याच्या पारखीला आपण उतरतो का?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण सुरू झाला आणि जुन्या महामार्गावरची मोठी वर्दळ तिकडे वळली. खोपोलीच्या बाजूने घाट चढण्याआधी रेडिएटरमध्ये पाणी भरायला, ब्रेक तपासायला थांबणारी गाडी आता खालापूरच्या टोलनाक्यावरून सरळ निघून जाते. रस्त्याच्या कडेला बसून गिऱ्हाईक आपोआप येईल, असे दिवस राहिले नाहीत. पण तीच मोटार आज आपल्या गावाच्या हद्दीत, फार्महाऊसच्या फाटकाआड आठवडे-आठवडे उभी असते. काम नाहीसे झालेले नाही, त्याची जागा बदलली आहे. त्या फाटकातून आत जायला मात्र भरवसा लागतो.

या मोटारींची झाकणे उघडावी तरी का लागतात, हे आधी पाहू. कर्जतकडचा पाऊस सर्वांना माहीत आहे. उभ्या मोटारीत पालापाचोळा साचतो, पाणी निघून जाण्याच्या वाटा तुंबतात. त्याहून वाईट म्हणजे उंदीर. इंजिनवरच्या प्लास्टिकच्या झाकणाखाली ऊब आणि आडोसा असतो. तेथे ते घरटे करतात आणि वायरी कुरतडतात. वरून मोटार लखलखीत दिसते, आत नुकसान होऊन गेलेले असते. म्हणून पावसाळ्यात झाकण काढून पाहणे हा हौसेपेक्षा गरजेचा भाग आहे.

स्पोर्ट्स मोटारीत हे काम साध्या मोटारीपेक्षा किचकट असते. पोर्शच्या बॉक्स्टर आणि केमन या मोटारींत इंजिन आसनांच्या मागे बसवलेले आहे. केमनमध्ये तर सामानाच्या जागेतला गालिचा उचलून, त्याखालचे स्क्रूंनी आवळलेले झाकण काढावे तेव्हा वरून इंजिन दिसते. हे झाकण इंजिनची उष्णता, आवाज आणि वास आत येऊ देत नाही. त्याची कड नीट बसली नाही, तर बसणाऱ्याच्या पाठीमागेच त्रास सुरू होतो. मोटारीच्या पोटाखालचे सपाट पत्रे किंवा प्लास्टिकचे तक्ते हे केवळ चिखल अडवायला नसतात, धावत्या मोटारीखालून वारा सरळ काढून देणे हे त्यांचे काम. त्यांचा पुढचा एक कोपरा जरी मोकळा राहिला, तरी द्रुतगती मार्गावर वेग वाढताच वारा आत शिरतो आणि अख्खा तक्ता फाटून लोंबू लागतो. एका क्लिपची किंमत काही रुपये असते, पण त्या वेगात असे काही घडले तर मागून येणाऱ्याचा जीवही धोक्यात येतो.

आता कामाच्या पद्धतीकडे वळू. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. किल्ली काढल्यानंतरही काही मोटारींचा पंखा अचानक फिरू लागतो, तेव्हा बोटे तेथून दूरच बरी. इंजिनवरचे प्लास्टिकचे झाकण अनेकदा स्क्रूंनी धरलेले नसते. गोल डोक्याच्या खुंट्या रबरी वाट्यांत दाबून बसवलेल्या असतात. उष्णतेने रबर कडक होते. अशा वेळी एकाच कोपऱ्याला हिसका दिला, की खुंटीची जागा तुटते. दोन्ही हातांनी, एकेका खुंटीजवळ धरून, सरळ वर उचलावे.

पोटाखालच्या तक्त्यांना बहुधा दोन तुकड्यांच्या प्लास्टिक क्लिपा असतात. मधली खुंटी आधी हलकेच उचलायची आणि मग बाहेरचा भाग काढायचा, हा त्यांचा नेम. काहींत खुंटी आत दाबावी लागते. आधी निरखून पाहिले नाही, तर दहापैकी चार तुटल्याच म्हणून समजा. सहा टोकांच्या चांदणीसारखे डोके असलेल्या टॉर्क्स स्क्रूत अ‍ॅलन की घालून ‘चालवून घेणे’ ही आपल्याकडची जुनी खोड आहे. एकदा ते डोके घासले गेले, की पाच मिनिटांच्या कामाला अर्धा दिवस लागतो. मोटारीखाली शिरताना केवळ जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नये. पक्के स्टँड लावावेत, चाकांना ओट लावावी. बॅटरीवरही चालणाऱ्या हायब्रीड मोटारीत नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसल्या, तर तेथे हात घालायचा नाही. तो मोठ्या दाबाचा विद्युतप्रवाह असतो आणि त्याचे शिक्षण घेतलेल्या माणसाचेच ते काम आहे.

उघडणे बहुतेकांना जमते, कारागिराची खरी परीक्षा झाकण परत बसवताना होते. इंजिनचे बरेच भाग अ‍ॅल्युमिनियमचे असतात आणि त्यात पोलादी बोल्ट जातात. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन मीटर इतकाच पीळ लागतो. म्हणजे फूटभर लांब पान्याच्या टोकाला तीन-साडेतीन किलोचे वजन टांगावे एवढा जोर. प्लास्टिक धरणाऱ्या स्क्रूला त्याहूनही कमी. चाकाच्या बोल्टला याच्या दहापट, कधी त्याहून जास्त जोर लागतो. चाके आवळून तयार झालेला आपला हात त्याच सवयीने लहान बोल्ट आवळतो आणि अ‍ॅल्युमिनियमचे आटे मरतात. म्हणून बोल्ट आधी बोटांनी दोन-तीन फेरे फिरवावा, सहज गेला तरच पाना लावावा आणि शेवटचा पीळ टॉर्क रेंचने, कंपनीच्या पुस्तकातील आकडा पाहून द्यावा.

काही उस्ताद म्हणतील, ‘‘तीस वर्षे हाताच्या अंदाजावर काम केले, आता हे यंत्र कशाला?’’ त्यांच्या हातातील हुनर आम्ही नाकारत नाही. पण ज्या समाजाला कुरआनाने माप पूर्ण देण्याची ताकीद दिली, ज्यात मापात खोट करणाऱ्यांविषयी ‘मुतफ्फिफीन’ ही स्वतंत्र सूरह आहे, त्या समाजाच्या कारागिराला मापाचे ओझे का वाटावे? धान्य तोलणाऱ्याला तराजू आहे, कापड विकणाऱ्याला गज आहे. मिस्त्रीचा तराजू म्हणजे टॉर्क रेंच. अंदाजाने तोललेले धान्य आपण विकत घेत नाही, मग अंदाजाने आवळलेला बोल्ट दुसऱ्याला का द्यावा?

हीच गोष्ट उरलेल्या स्क्रूची. काम संपल्यावर थाळीत दोन स्क्रू शिल्लक राहिले आणि ‘‘याच्याशिवायही चालते’’ म्हणून ते डब्यात टाकले, असे प्रकार आपल्या गॅरेजांत होतात. मालकाने मोटार सोपवली, तेव्हा तिचा प्रत्येक स्क्रू आपल्याकडे अमानत म्हणून आला. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांना नबुव्वतपूर्वीच मक्केचे लोक ‘अल-अमीन’ म्हणत, आणि तो काळ त्यांच्या व्यापाराचाही होता. त्यांचे नाव घेणाऱ्याच्या थाळीत दुसऱ्याचा स्क्रू उरता कामा नये. घरी स्वतः झाकण उघडणारा मालक आता हे पाहू शकतो. एक क्लिप कमी दिसली, की त्याचा आपल्यावरचा भरवसा गेला. सर्व क्लिपा जागच्या जागी दिसल्या, की तोच मालक शेजारच्या बंगल्यात आपले नाव सांगतो.

कायद्याची बाजूही आपल्या बंधूंनी जाणून घ्यावी. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देण्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्या अपिलात गेल्या हे खरे. पण बाहेरच्या मिस्त्रीकडून काम करून घेतले एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येऊ नये, हे त्या आदेशात स्पष्ट आहे. चुकीच्या दुरुस्तीने झालेले नुकसान मात्र कंपनी नाकारू शकते. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, त्यातही मोटारींचा समावेश आहे. म्हणजे दार किलकिले झाले आहे. आत जायचे, तर चूक न करण्याची जबाबदारीही आपलीच.

यात व्यापाऱ्यांसाठीही काम आहे. कर्जत, नेरळ, खोपोलीच्या हार्डवेअर दुकानांत टॉर्क्स बिट, प्लास्टिकच्या क्लिपा, रबरी वाट्या, मेलेल्या आट्यांत बसवायच्या हेलिकॉइल असा एक वेगळा खण ठेवला, तर मोठे भांडवल लागत नाही. मुंबईची नागदेवी स्ट्रीट या मालासाठी आपल्या लोकांना अपरिचित नाही. कंपनी बंद पडलेल्या मोटारींना तर याची जास्तच गरज असते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात बनू लागलेल्या सॅन स्टॉर्म या दोन आसनी मोटारीचा मालक आज हरवलेली क्लिप कोणाकडे मागणार? ज्याच्या खणात मापाची क्लिप असेल, त्याच्याकडेच ना?

‘‘अशा मोटारी आहेत तरी किती?’’ असे कोणी विचारेल. थोड्या आहेत, मान्य. पण अशाच क्लिपा आणि असेच लहान बोल्ट आज साध्या मोटारींच्या बंपरखाली आणि इंजिनवरही असतात. महागड्या मोटारीवर शिकलेली शिस्त शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या मोटारीलाही लागू पडते. शागिर्दाला पहिल्या दिवसापासून तीच शिकवावी.

आपल्याच तालुक्यातील नेरळ-माथेरान रेल्वे सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने उभारली. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या पुढाकाराने ती १९०७ साली सुरू झाली. व्यापारी घराण्याने डोंगरात रूळ टाकले आणि त्यांवर लोक आजही बसून जातात. रूळही शेवटी एकेका खिळ्याने आणि बोल्टानेच धरलेले असतात. त्या वारशाचे नाव आपण अभिमानाने घेतो, तर त्याचे माप आपल्या गॅरेजातही दिसले पाहिजे.

तेव्हा उस्ताद मंडळींना आमचे सांगणे थोडके आहे. एक टॉर्क रेंच घ्या. प्रत्येक झाकणाचे स्क्रू वेगळ्या वाटीत, नाव लिहून ठेवा. काम संपल्यावर रिकामी थाळी मालकाला दाखवा आणि तुटलेली क्लिप लपवू नका, नवी लावा. मालकाला स्वतः झाकण उघडायचे असेल, तर आनंदाने शिकवा. आटे मरतील, वायरी कुरतडलेल्या सापडतील, तेव्हा तो ज्याने शिकवले त्यालाच बोलावणार. रोजीचा मालक अल्लाह आहे, आणि बरकत सचोटीच्या कमाईत असते.