वाद्यास गवसणी, गुरूस वनवास

एका दाव्याच्या कामानिमित्त मध्यंतरी सुरतेस जाण्याचा योग आला. काम अपेक्षेपेक्षा लवकर आटोपले, तेव्हा कतारगाम दरवाजाजवळचे इंग्रजांचे जुने दफनस्थान पाहून आलो. सुरत म्हटले की आपणांस १६६४ साल आठवते. त्या प्रसंगी शिवाजी महाराजांच्या स्वारीपासून इंग्रजी वखार राखणारा जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ मध्ये वारला, तो येथेच विसावला आहे. त्याच्या व त्याच्या भावाच्या थडग्यावरील घुमटांची दुमजली वास्तू पाहिली की एखाद्या मोगल उमरावाचा मकबरा पाहत आहोत असे वाटते. व्यापाऱ्यांनी मेल्यावरही आपला डौल सोडला नाही!

पण त्या घुमटाखाली उभा असता मला आठवण झाली ती एका वादकाची. त्याचे नाव लॅन्सलॉट कॅनिंग. १६१२ च्या सप्टेंबरात कॅप्टन बेस्ट याची गलबते सुरतेच्या बाऱ्यास लागली. पुढे सुवाळीच्या समुद्रात त्यांची पोर्तुगीजांशी झुंज झाली आणि इंग्रजांचा पाय या किनाऱ्यावर टेकला, हा इतिहास आपणां गोमंतकीयांस परका नाही. या गलबतांबरोबर कंपनीने दोन वादकही धाडले होते. रॉबर्ट ट्रुली हा कॉर्नेट नावाचे फुंकवाद्य वाजवी. लॅन्सलॉट कॅनिंग व्हर्जिनल वाजवी. व्हर्जिनल म्हणजे हार्पसिकॉर्डचे धाकटे भावंड. पेटीसारखा आकार, आत ताणलेल्या तारा. कळ दाबली की पिसाच्या टोकाने तार छेडली जाते. कळ हळू दाबा वा जोराने, नाद तेवढाच. आणि मींड तर त्यातून निघणे शक्यच नाही.

१६१३ च्या आरंभी पॉल कॅनिंग या व्यापाऱ्याबरोबर ही मंडळी सुरतेहून आग्र्यास निघाली. वाटेत हल्ला झाला, खुद्द पॉल कॅनिंगच्या पोटात बाण लागला. एवढे सोसून जहांगीर बादशहापुढे उभे राहिल्यावर काय घडले? कॉर्नेट ऐकून बादशहा खूष झाला. व्हर्जिनलात त्यास काही गोडी वाटली नाही. लॅन्सलॉट कॅनिंग लवकरच आग्र्यास मरण पावला, आणि तो या उपेक्षेच्या दुःखानेच गेला असे त्याच्या सोबत्यांचे मत झाले. ट्रुलीच्या वाट्यास एक शिष्य आला. बादशहाने आपल्या दरबारी वादकास त्याच्या हाताखाली घातले. तो काही आठवड्यांत कॉर्नेट वाजवू लागला, परंतु थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला. कारागिरांकडून नवी कॉर्नेटे करविली, ती साधली नाहीत. ट्रुली पुढे दक्षिणेकडील सुलतानीत आश्रय शोधीत निघून गेला.

एवढ्यावर कंपनी शहाणी झाली काय? मुळीच नाही. १६१५ च्या सप्टेंबरात सर टॉमस रो सुरतेस उतरला. त्याच्या नजराण्यात पुन्हा एक व्हर्जिनल होतेच! १६१६ च्या जानेवारीत अजमेरच्या दरबारात ते वाजविलेही गेले, आणि या खेपेस बादशहा संतुष्ट झाला. परंतु त्या संतोषातून मोगल दरबारात कळवाद्याची परंपरा काही उभी राहिली नाही. कारण उघड आहे. कंपनीने पेटी पाठविली ती नजराणा म्हणून, आणि वादक पाठविला तो पेटीची जोडवस्तू म्हणून. त्याने येथे राहून दहा मुले तयार करावी हा विचार लंडनच्या सावकारांच्या स्वप्नातही आला नसेल.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते: ‘वाद्य परके, त्यात मींड नाही, म्हणून ते आपल्या मातीत रुजले नाही.’ मी वकील आहे. प्रतिपक्षाचा मुद्दा पुराव्याच्या कसोटीवर घासल्यावाचून मी तो मान्य करीत नाही. हार्मोनियम कोठली? १८४० च्या सुमारास पॅरिसच्या देबँ याने तिचा स्वामित्वहक्क घेतला. मींड तिच्यात तरी कोठे आहे? तरीही कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला हाताच्या भात्याची, बैठकीची पेटी केली आणि ती घरोघर गेली. १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बहिष्कार घातला. तो १९७१ पासून सैल होऊ लागेपर्यंत तीस वर्षे लोटली. एवढ्या काळात कोणतेही दुर्बळ वाद्य नामशेष झाले असते. पेटी तगली, कारण गावोगाव, नाटक कंपन्यांतून, भजनी फडांतून तिला शिकविणारे हात होते.

आमच्या बोरीचे तुळशीदास बोरकर पाहा. १९३४ साली जन्मलेल्या या मुलास पहिले धडे आईने दिले, पुढे पी. मधुकरांसारखा गुरू लाभला. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. पण जाण्यापूर्वी सुधीर नायकांसारखे शिष्य घडवून गेले. लॅन्सलॉट कॅनिंग आणि तुळशीदास बोरकर यांच्यांतील अंतर केवळ वाद्याचे वा प्रतिभेचे नाही. एकाच्या मागे कोणी नव्हते. दुसऱ्याच्या मागे आई, गुरू व पुढे शिष्य अशी साखळी होती.

आता मूळ मुद्द्यावर येतो, आणि तो आपल्या देवालयांचा आहे.

आपली देवस्थाने आज कंपनी सरकारचाच कित्ता गिरवीत आहेत. एका देवालयाच्या वस्तूंची यादी तपासून देण्याचे काम माझ्याकडे आले होते. तीत तीन पेट्या, दोन तबल्यांच्या जोड्या, एक पखवाज अशी नोंद होती. प्रत्येक पेटीवर दात्याचे नाव रंगविलेले, वर जरीकाठी गवसणी. मी विचारले, वाजवितो कोण? समितीचे एक गृहस्थ निर्विकारपणे म्हणाले, “पेटी आसा मरे, पूण वाजोवपी खंय मेळटा?” अग्रशाळेत मुलांना शिकविणारे एक वृद्ध मास्तर पूर्वी होते, त्यांचे तुटपुंजे मानधन काटकसरीच्या नावाखाली बंद झाले होते. त्याच साली विजेवर चालणारे घंटा-नगाऱ्याचे यंत्र मात्र खरेदी झाले होते. कळ दाबली की आरती सुरू! जहांगीराच्या दरबारातील पेटीला निदान वाजविणारा मनुष्य तरी लागत होता.

समित्या म्हणतील, देवाचा पैसा देवाच्या सेवेसाठी आहे, मास्तरांच्या पगारासाठी नाही. हा युक्तिवाद अज्ञानमूलक आहे. जुने शिलालेख व ताम्रपट उघडून पाहा. देवास दिलेल्या दानाचा हेतू ‘अंगभोग-रंगभोग’ असा जोडीने सांगितलेला आढळतो. अंगभोग म्हणजे स्नान, गंध, नैवेद्य. रंगभोग म्हणजे गीत, वाद्य, नृत्य. आपल्या पूर्वजांनी गायन-वादनास देवसेवेचे अर्धे अंग मानले होते. १९३३ च्या नियमनाखाली कारभार करणाऱ्या महाजनांनी अंदाजपत्रकात रोषणाईला व मंडपाला रकाना ठेवावा आणि संगीतशिक्षकाला ठेवू नये, हे कोणत्या शास्त्रात बसते?

याहून कटू गोष्टही बोलली पाहिजे. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, खाप्रुमामा पर्वतकर ही नावे आपण सभांतून मोठ्या अभिमानाने घेतो. परंतु ज्या कुळांनी पिढ्यान्‌पिढ्या देवापुढे गायिले, वाजविले, त्यांना आपण महाजनांच्या बैठकीत जागा दिली नाही. त्यांची कला सभामंडपात हवी होती, माणसे मात्र पायरीशीच बरी वाटली. मुंबई-कोल्हापूरने त्यांना गुरू दिले, मान दिला. आपण फक्त नंतर सत्कार केले.

शेजाऱ्यांकडे पाहण्यातही कमीपणा मानण्याचे कारण नाही. गोव्यातील चर्चनी गावच्या शाळेत मेस्त ठेवला, पोरांना स्वरलिपी व व्हायोलिन शिकविले. त्याची फळे मुंबईच्या चित्रपटसंगीताने चाखली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्या हाताखाली प्यारेलाल व्हायोलिन शिकले. व्हायोलिनही परकेच होते! मेस्ताला पोटापुरते मिळाले आणि परके वाद्य घरचे झाले. आपण घरच्या पखवाजाला मास्तर दिला नाही आणि तो घरातच परका झाला.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. यापुढे कोणत्याही देवस्थानाने वाद्याचे दान स्वीकारताना दात्याकडून शिक्षकाच्या मानधनाचीही तजवीज लिहून घ्यावी. दाता तयार नसेल तर ती रक्कम अंदाजपत्रकातून घालावी. आणि दोन्ही शक्य नसेल तर ते दान नम्रपणे नाकारावे. अग्रशाळेचा एक कोनाडा सायंकाळी दोन तास मुलामुलींना मोकळा ठेवावा, आणि तेथे येणाऱ्या मुलास त्याचे कूळ विचारू नये. यास फार द्रव्य लागत नाही; एका जत्रेच्या दारूकामाच्या खर्चात एका मास्तरांचे वर्ष निघेल.

हे न केल्यास पन्नास वर्षांनी कोणी तरी आपल्या देवालयांत येईल, घुमट पाहील, रंगविलेली नावे वाचील, गवसणी उचलून पेटीवर बोट ठेवील. आणि वाळवीने खाल्लेल्या भात्यातून सूर निघणार नाही. सुरतेच्या त्या घुमटांखाली निदान थडगी आहेत, हे तरी कोणी लपवीत नाही.