संसारांतील यंत्रें : भांडीं घासण्याचें यंत्र सुरू होत नाहीं तेव्हां

एका वाचक-भगिनीचें पत्र आलें आहे. घरांत माणसें अकरा; दोन्ही वेळचीं भांडीं यंत्रांत. तें यंत्र परवां सकाळीं सुरू होईना. दिवा लागे, थोडा वेळ घरघर होई आणि सारें स्तब्ध. लगेच 'शेवटचा हात कोणाचा लागला?' अशी चौकशी होऊन तिचा शेवट धाकट्या सुनेपाशीं झाला. यंत्र कसें सुरू करावें एवढेंच या भगिनी विचारतात; परंतु त्या चौकशीचा विचार आधीं करणें आम्हांस अवश्य वाटतें. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गांठ पडली, म्हणून कावळ्यास दोषी ठरविण्याची आपल्या घरांतून फार जुनी खोड आहे.

कार्य घडण्यास सारीं कारणें तर एकत्र जमावीं लागतातच, पण शिवाय प्रतिबंधकाचा अभावहि असावा लागतो, असें नैयायिक सांगतात. अग्नि आहे, लांकूड आहे. तरी चंद्रकांतमणि जवळ असल्यास दाह होत नाहीं, हा त्यांचा प्रसिद्ध दृष्टान्त. असा मणि आम्हीं पाहिला नाहीं. पण हें यंत्र जणूं त्या दृष्टान्तासाठींच घडविलें आहे. जोसेफीन कॉक्रन या अमेरिकन बाईंनीं १८८६ सालीं ज्या यंत्राचें पेटंट घेतलें, तें हातानें फिरवावयाचें होतें. हात फिरला कीं पाणी उडालें. आजच्या यंत्रांत सुमारें २००० वॅटचा हीटर असतो आणि साठ-सत्तर अंशांपर्यंत तापलेलें पाणी बंद पेटींत जोरानें उडत असतें. म्हणून दार, पाणी आणि गळती यांविषयीं खात्री पटल्याखेरीज तें कामास लागत नाहीं. न चालणारें यंत्र पुष्कळदां बिघडलेलें नसतें. कोणती तरी अट अपुरी आहे म्हणून थांबलेलें असतें. ती अट बाहेरून आंत, या क्रमानें शोधावी.

प्रथम दिवा पाहावा. एकहि दिवा लागत नसेल तर दोष यंत्राबाहेर असण्याचाच संभव अधिक. त्याच सॉकेटला दुसरें एखादें उपकरण लावून पाहावें. तेंहि चालेना, तर एमसीबीचा खटका पडला आहे काय तें बघावें. पडलेला खटका एकदां वर करावा. पुन्हां पडल्यास मात्र हट्ट न धरतां वायरमनला बोलवावें. वीज गेली असतां दिवे-पंखे इन्व्हर्टरवर चालू राहतात आणि मग यंत्रच बंद पडलें असा भास होतो. एवढा भार घरगुती इन्व्हर्टरच्या वांट्यास सहसा दिलेला नसतो.

दिवा लागतो पण यंत्र हालत नाहीं, तर दाराकडे वळावें. आपलीं भांडीं या यंत्राच्या मूळ कर्त्यांच्या ध्यानींमनीं नव्हतीं. परात उभी केली कीं वरची टोपली अडते. झाऱ्याचा दांडा बाहेर डोकावतो. दार लागल्यासारखें दिसतें, परंतु खिटीचा 'टक्' असा आवाज होत नाहीं. त्या खिटीपाशीं एक लहानसा स्विच असतो, आणि तो दाबला गेल्याखेरीज पुढील कार्य होत नाहीं. हा स्विच फसविण्यासाठीं खिटींत काडी किंवा चमचा खुपसण्याची युक्ति कोणी सुचविल्यास ती मुळींच ऐकूं नये. उघड्या दारांतून येणारें तें पाणी समोर उभ्या असलेल्या मुलाच्या तोंडावर यावयाचें. कांहीं यंत्रांत बटण दाबल्यावर तीन-चार सेकंदांच्या आंत दार लावावें लागतें. आपल्या पुस्तिकेंत तसें लिहिलें आहे काय तें पाहावें.

नातवंडांचीं बोटें हें निराळेंच प्रकरण. खिडकींत नुसता '३' हा आंकडा दिसत असेल, तर तीन तासांनीं सुरू होण्याची आज्ञा यंत्रास कोणी तरी देऊन ठेविली असण्याचा संभव आहे. कुलुपाचें चित्र दिसल्यास लहान मुलांपासून रक्षण करणारी सोय चालू असते आणि तेव्हां मोठ्यांचेंहि बटण चालत नाहीं. मिठाचा दिवा लागला म्हणून मात्र यंत्र सहसा अडत नाहीं; मीठ अवश्य घालावें, पण दोष अन्यत्र शोधावा.

आतां पाणी. घरघर होऊन थांबणें हें बहुधा याच दोषाचें लक्षण. मोरीखालचा यंत्राचा नळ बंद आहे काय, नळीस पीळ पडला आहे काय, नळीच्या तोंडाशीं असलेली बारीक जाळी गाळानें बुजली आहे काय, हें क्रमानें पाहावें. जाळी काढण्यापूर्वीं नळ व वीज दोन्ही बंद करावीं. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची अडचण वेगळी. दहा मीटर उंचीचें पाणी सुमारें एक बार दाब देतें. पुष्कळ यंत्रांस अर्ध्या बारच्या आसपास तरी दाब लागतो, म्हणजे टांकी सुमारें पांच मीटर उंच हवी. टांकी डोक्यावरच असेल तर बादली भरते, यंत्र भरत नाहीं. तेथें दाब वाढविणारा लहान पंपच बसवावा लागतो. आमच्या भगिनींच्या पत्रांत, आदल्या दिवशीं मोरीचा नळ बदलण्यास नळवाला येऊन गेला, असें एक वाक्य सहज आलें आहे. त्यांनीं आधीं मोरीखालीं वांकून पाहावें. सुनेची साक्ष मागाहून घेतां येईल.

बटण न दाबतांच आंतला पंप सारखा घरघरत असेल, तर तळच्या तबकांत पाणी गळलें असावें. तेव्हां नळ बंद करावा, प्लग काढावा आणि कंपनीच्या माणसाला बोलवावें. तळाचें आवरण घरीं उघडूं नये. त्यास फोन करतांना 'चालत नाहीं' एवढेंच न सांगतां कोणता दिवा लागतो, खिडकींत कोणतीं अक्षरें दिसतात आणि आवाज केव्हां थांबतो, हें कागदावर उतरून सांगावें. यंत्राचा क्रमांक दाराच्या कडेवरील पट्टीवर बहुधा सांपडतो. दार उघडल्यावर ती दिसते.