हप्ता कमी कुणाचा, सोय कुणाची?

भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या ‘पीएफ’चा, हप्ता कमी करता येईल का, निदान चार महिने थांबवता येईल का, असं विचारणाऱ्या बायका माझ्याकडे नेहमी येतात. कुणी पॅकिंगच्या कारखान्यात असते, कुणी खाजगी शाळेत. त्यांचं विचारणं रास्त आहे. भाडं, रेशन, मुलांची फी हे सगळं हातात पडणाऱ्या पगारातूनच भागवायचं असतं.

उत्तर मात्र ‘नाही’ असंच द्यावं लागतं. एकदा सभासद झालं की नोकरी चालू असेतो आपला १२ टक्क्यांचा (काही ठरावीक आस्थापनांत १०) हप्ता आपल्या मनाने बंद करता येत नाही. पहिल्यांदाच नोकरीला लागताना मूळ पगार व महागाई भत्ता मिळून सप्टेंबर २०१४ मध्ये ठरलेल्या १५,००० रुपयांच्या मर्यादेवर असेल, तरच बाहेर राहता येतं. हप्ता वाढवता मात्र येतो, फक्त त्या जादा रकमेइतकी भर मालकाने घालावी असं बंधन नाही.

मला हा नियम जाचक वाटत नाही. दागिना गहाण पडतो, भिशीचे पैसे दिराच्या धंद्यात जातात. ‘तो पैसा कापूनच येतो, माझ्या हातात नाही’ हे उत्तर बाई घरात देऊ शकते ते पीएफमुळेच.

म्हणून २०१८ च्या अर्थसंकल्पातली घोषणा मला खटकली. नोकरीच्या पहिल्या तीन वर्षांत स्त्री कर्मचाऱ्यांचा हप्ता ८ टक्के करायचा, मालकाचा हिस्सा तसाच ठेवायचा, म्हणजे बायकांच्या हाती जास्त पगार पडेल, असा तो प्रस्ताव होता. १४,००० पगारावर महिन्याला ५६० रुपये सुटतात, तीन वर्षांत २०,१६०. आठ टक्के व्याजाने रक्कम साधारण नऊ वर्षांत दुप्पट होते. सत्तावीस वर्षांनी हेच पैसे दीड लाखाच्या वर गेले असते. म्हणजे ही सवलत बाईच्याच म्हातारपणातून काढून दिलेली. शिवाय ते ५६० रुपये तिच्या हाती राहतील याची हमी कोण देणार? मे ते जुलै २०२० मध्ये टाळेबंदीचं कारण देऊन दर १२ वरून १० वर आणला, तेव्हा तर मालकाचा हिस्साही सोबत उतरला! २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक वर्गातल्या कर्मचाऱ्यांसाठी वेगळा दर ठरवण्याची मुभा सरकारला आहे, तेव्हा हा विषय संपलेला नाही.

बायकांकडे पाहण्याची सरकारी नजर जुनीच आहे. नोकरी सोडल्यावर पैसे काढायला दोन महिने थांबावं लागे, पण लग्नासाठी राजीनामा देणाऱ्या स्त्रीला ती अट माफ, असं १९५२ च्या योजनेच्या नियमांत वर्षानुवर्षं वाचायला मिळालं. बाईने लग्न झालं की घरी बसायचं, हे कायद्याने गृहीतच धरलं होतं.

खरा खंड पडतो तो मूल झाल्यावर. बिनपगारी रजेत पगार नाही म्हणून हप्ताही नाही, आणि पाळणाघर नाही म्हणून पुढे नोकरीच सुटते. जर्मनीत १९९२ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे संगोपनाची तीन वर्षं पेन्शनच्या हिशेबात धरतात. आपली मागणी या दिशेची हवी. बाईचा हप्ता कापू नका, तिच्या खंडाच्या काळात सरकारने भर घालावी.

तोवर गटांच्या बैठकीत एक गोष्ट जरूर सांगा. दहा वर्षं भरायच्या आत नोकरी सुटली, तर १९९५ च्या पेन्शन योजनेचे पैसे काढून घेतले की तेवढी सेवा पुसली जाते. काढण्याऐवजी ‘स्कीम सर्टिफिकेट’ घेतलं तर ती वर्षं पुढच्या नोकरीत जोडली जातात. हा कागद मागावा लागतो, कंपनीतलं कुणी आपणहून सांगत नाही.