लवचिक पडदे आणि अलवचिक पुरवठा

मोबाइलच्या पडद्यावर बोट ठेवताच यंत्राला स्पर्श कळतो, याचे श्रेय काचेवरील एका अतिसूक्ष्म थराला आहे. धातू वीज वाहून नेतात, पण प्रकाश अडवितात. काच प्रकाश जाऊ देते, पण वीज वाहून नेत नाही. हा थर दोन्ही कामे करतो आणि बहुतांशी तो इंडियम टिन ऑक्साइडचा असतो. सपाट पडद्यांत आणि कित्येक सौरघटांतही तोच आहे. हा विषय प्रयोगशाळेचा, चळवळीचा नव्हे, असे कार्यकर्त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कोणता पदार्थ निवडावयाचा, या प्रश्नात अर्थकारण आणि कामगारांचे आरोग्य दोन्ही गुंतलेली आहेत.

या ऑक्साइडचा प्रसिद्ध दोष म्हणजे ठिसूळपणा. मूळ लांबीच्या शेकडा दोन-तीन इतका ताण पडला, की त्याला भेगा पडू लागतात आणि वीजवहन खंडित होते. घडी घालता येणारा पडदा किंवा गुंडाळता येणारा सौरपट करावयाचा, तर हा थर निरुपयोगी ठरतो. म्हणून जगभर टिकाऊ पर्यायाचा शोध चालू आहे.

परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला दुसरा दोष अधिक गंभीर वाटेल. इंडियमच्या स्वतंत्र खाणी जवळजवळ नाहीत. जस्त शुद्ध करताना तो उपउत्पादन म्हणून हाती येतो. त्यामुळे इंडियमचा भाव कितीही चढला, तरी केवळ त्यासाठी कोणी जस्ताची खाण वाढवीत नाही. थर लवचिक नाही, आणि पुरवठाही लवचिक नाही. २००३ साली किलोला सरासरी २०० डॉलरांच्या आत असलेला भाव २००५ साली ८०० डॉलरांच्या वर गेला, तो सपाट पडद्यांची मागणी वाढल्यामुळेच. शुद्ध इंडियमच्या जागतिक उत्पादनात निम्म्याहून अधिक वाटा चीनचा आहे आणि ४ फेब्रुवारी २०२५ रोजी चीनने काही इंडियम पदार्थांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. भारत सरकारने २०२३ मध्ये ३० निर्णायक खनिजांची यादी प्रसिद्ध केली. तीत इंडियम आहे. मात्र यादी करणे म्हणजे धोरण आखणे नव्हे.

तिसरा दोष बाजारभावात कोठेच दिसत नाही. या ऑक्साइडच्या पट्ट्या घासण्याचे काम करणारा जपानमधील एक २७ वर्षांचा कामगार २००१ मध्ये फुप्फुसाच्या विकाराने मरण पावला. त्यावरील वैद्यकीय वृत्तांत २००३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि इंडियमच्या धुळीने फुप्फुसे निकामी होतात, हे जगाला कळले. कायद्याने बंधने येण्यास २०१३ साल उजाडले. पडद्याचा झगमगाट ज्याच्या श्वासावर उभा आहे, त्याचे संरक्षण धोका उघड झाल्यावर दहा वर्षांनी करावयाचे, ही रीत कोणत्याही नव्या पदार्थाच्या बाबतीत पुन्हा चालू देता कामा नये.

पर्याय अनेक आहेत: वीजवाहक बहुवारिके, चांदीच्या अतिसूक्ष्म तारा, ग्राफीन, धातूची जाळी. यांपैकी एका वाटेवर आपल्या देशातील सार्वजनिक संस्थांनी मोलाचे काम केले आहे. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात प्रा. जी. यू. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी युक्ती विकसित केली. काचेवर किंवा प्लास्टिकवर द्रावणाचा लेप द्यावयाचा. तो वाळला की आटलेल्या तळ्यातील गाळाप्रमाणे त्याला परस्परांत गुंतलेल्या भेगा पडतात. त्या भेगांत धातू बसवून लेप धुऊन टाकला, की डोळ्यांना न दिसणारी धातूची जाळी उरते. जाळीच्या मोकळ्या जागेतून प्रकाश जातो, तारांतून वीज जाते, आणि धातू असल्याने ती ऑक्साइडइतकी सहज तुटत नाही. तिला इंडियमची गरज नाही.

तथापि कोणताही पर्याय निर्दोष नाही. घरातील चांदीच्या ताटाप्रमाणे चांदीच्या तारा हवेतील गंधकाने काळवंडतात, तांबे गंजते, कित्येक बहुवारिके ओलाव्याने क्षीण होतात. वातानुकूलित खोलीत हजारो वेळा वाकविलेला नमुना कोकणच्या पावसाळ्यात किती दिवस टिकतो, हीच आपल्या दृष्टीने टिकाऊपणाची खरी कसोटी होय.

म्हणून तीन मागण्या आपण आग्रहाने मांडल्या पाहिजेत. एक, सार्वजनिक पैशातून झालेल्या अशा संशोधनाला कारखान्यापर्यंत नेण्यासाठी शासनाने खरेदीची हमी द्यावी आणि त्याचे हक्क कोणा एकाच उद्योगसमूहाकडे जाऊ देऊ नयेत. दोन, नवा पदार्थ कारखान्यात येण्यापूर्वी त्याच्या धुळीची व तंतूंची आरोग्यदृष्ट्या तपासणी सक्तीची करावी, आणि तीत कामगार संघटनांचे प्रतिनिधी असावेत. तीन, देशातील जस्त शुद्धीकरणातून कोणते दुर्मीळ धातू निघू शकतात आणि त्यांतील किती वाया जातात, याचा हिशेब संसदेपुढे ठेवावा. हिंदुस्थान झिंकचे नियंत्रण २००२ मध्ये खासगी हाती गेले असले, तरी शासनाचा भाग त्या कंपनीत आजही आहे. हा हिशेब मागण्याचा अधिकार त्यामुळे संपलेला नाही.

परावलंबन तोडावयाचे म्हणजे एका देशाऐवजी दुसऱ्या देशाचे गिऱ्हाईक होणे नव्हे, किंवा परक्या मक्तेदाराच्या जागी देशी मक्तेदार बसविणेही नव्हे. पदार्थाची निवड जोवर प्रयोगशाळेत आहे, तोवरच तिच्या अटी ठरविता येतात. एकदा कारखाने उभे राहिले, की अटी भांडवल ठरविते.