नायट्रोजन गळतीत साधा मास्क का चालत नाही?

२१ ऑगस्ट २०२५ ला तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत नायट्रोजनची गळती होऊन ४ कामगार गेले. बोईसरच्या मित्राने मला विचारलं, "मास्क असता तर वाचले असते का रे?"

फिल्टरवाल्या मास्कने नाही. तो हवा गाळतो, ऑक्सिजन देत नाही. नायट्रोजनला वास नाही, गुदमरल्यासारखंही वाटत नाही. माणूस थेट कोसळतो.

इलाज जुनाच आहे: आपली हवा आपल्यासोबत. इंग्लंडमध्ये सीहॅमच्या कोळसा खाणीतल्या १८८० च्या स्फोटानंतर हेन्री फ्ल्यूसचं यंत्र वापरलं गेलं. त्यात सिलिंडरमधून ऑक्सिजन यायचा, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड रसायन शोषून घ्यायचं.

म्हणून सहकारी कोसळला तरी रुमाल बांधून आत धावू नका. बाहेर थांबा, ११२ लावा.