बांधावरचं झाड कुणाचं?

लहान शेतकऱ्याला झाडाचं महत्त्व कळत नाही, त्याचं प्रबोधन करायला हवं, असं वनशेतीवर बोलणारे बरेच जण म्हणतात. मला हे साफ अमान्य आहे. औताला बाभूळ, कणगीत लिंबाचा पाला, शेळीला शेवरीचा टाळा हे सगळं ज्यानं पिढ्यान्‌पिढ्या बांधावरूनच आणलं, त्याला झाड शिकवायला निघणं हा उद्धटपणा आहे.

मग तो नवं झाड का लावत नाही? त्याचं ऐकून तर घ्या. सावलीतल्या चार तासांची ज्वारी पिवळी पडते. कणसात दाणा भरला की झाडावरची पाखरं उतरतात. फांदी शेजारच्या रानात गेली की सख्ख्या भावाशी वाद. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातली सरासरी जमीनधारणा 1.08 हेक्टर भरली. एवढ्या रानातले चार तास गेले, तर ते घरच्या भाकरीतून जातात. हा हिशेब आहे. त्याला अज्ञान म्हणू नका.

साग लावा, वीस वर्षांनी श्रीमंत व्हा, असं सांगणारेही आहेत. ज्याला दरवर्षी पीककर्ज फेडायचं असतं, त्याला वीस वर्षांचा वायदा काय कामाचा? शिवाय तो साग तोडायला महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते. आंबा, चिंच, जांभूळ, फणस, मोह हीही त्याच यादीत. म्हणजे घराला उपयोगी पडणारी झाडंच नेमकी कचेरीच्या ताब्यात.

शेतकऱ्याची मानसिकताच नाही, हा आक्षेप तर 1990 मध्येच खोटा ठरला. रोजगार हमीतून फळबागेला तीन वर्षं टप्प्याटप्प्यानं अनुदान मिळू लागलं आणि याच शेतकऱ्यांनी माळरानांवर आंबा, काजू, बोर लावलं, जगवलं. फळ विकायला कुणाची परवानगी लागत नव्हती. गुजरातेत वांसदा भागात 1982 पासून ‘बाएफ’ या संस्थेनं उभी केलेली वाडीही अशीच: आंबा-काजूच्या ओळींत नागली, भाजीपाला, आणि कडेला जळणाची, लाकडाची झाडं. फळ हाती येईपर्यंत पोट चालतं, म्हणून झाड टिकतं.

तोडीची मोकळीक दिली तर बांध उघडे पडतील, ही भीती प्रामाणिक आहे. पण नायजरकडे पाहा. तिथे शेतातलं झाड सरकारचं मानलं जाई, तेव्हा शेतकरी कोंब उपटून टाकत. 1980 च्या दशकापासून जुन्या खुंटांचे फुटवे राखण्याची पद्धत पसरली आणि झाड आपलं आहे असा भरवसा आला, तेव्हा सुमारे 50 लाख हेक्टर शेतीवर झाडं परतली. तीही बहुतेक रोपं न लावता.

म्हणून मागणी अशी: शेतकऱ्यानं स्वतः लावलेलं, सातबाऱ्यावर नोंदवलेलं झाड तोडायला आणि विकायला परवाना नको; आणि ते जगवण्याची पहिल्या तीन वर्षांची मजुरी थेट त्याच्या खात्यात जमा व्हावी.